हार्डली मंजे घट्ट नाय

मला इंग्रजीतला एकच शब्द पक्का येतो. हार्डली. बाकीचे येतात आन जातात, पाव्हन्यासारखे. हा मात्र बसलाय तो बसलाय.

उभ्या जन्मात तो मी दोनदा वापरला. पहिल्यांदा वापरला तेव्हा एका मानसाचा हात भाजला आन दुसऱ्याची इज्जत गेली. दुसऱ्यांदाचं मागनं सांगतो. त्यात माझं काय गेलं विचाराल, तर काय नाय. माझ्याजवळ जान्यासारखं काय असतंच कुठं? चौथीत मला दोन वर्षं ठेवलं. तिसऱ्या वर्षी गुरुजी बोलले, "धोंडू, तुझ्यापेक्षा बाकाला जास्त येत असंल, निदान तो गप तरी बसतो." मी शाळा सोडली. शाळेला बरं वाटलं.

हा शब्द मला दिला उतेकर मास्तरांनी. मास्तर जाऊन आता वर्ष होत आलं.

मास्तर मंजे शाळेतले नव्हेत. महाडच्या एमआयडीसीत आमची केमिकल कंपनी, तिथं ते ऑपरेटर, मी कंत्राटी हेल्पर. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी. पहाटे उतरायचे, पाऊन तास पायवाट, मंग एसटी, मंग कंपनीची बस. किडकिडीत मानूस. पायात सेफ्टी शूज असले तरी सिमेंटच्या फरशीवर असे चालायचे की वाटेतले दगड चुकवतायत. दहावीला इंग्रजीत तीनदा नापास झाले होते, चौथ्यांदा पस्तीस मार्क पडले. तो पस्तिसाचा आकडा त्यांना एवढा लागला, की तवापासनं त्यांनी इंग्रजीचा पिच्छा सोडला नाय.

डब्याच्या पिशवीत भाकरी, सुकट, आन भाकरीच्या चवडीपेक्षा जाड डिक्शनरी, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली. ती त्यांनी चवदार तळ्यावर घेतली होती. मार्चात तिथं मानसांचा लोंढा येतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकं मांडतात. मास्तर त्या दिवशी दरवर्षी सुट्टी टाकायचे आन एक पुस्तक घेऊन यायचे. "लोक कुठनं कुठनं येतात," बोलायचे, "मला पोलादपूरनं यायला काय झालं?"

खिशाला पेन. पेनाचं टोपन दोऱ्यानं बांधलेलं, कारन एकदा ते टाकीत पडलं होतं. बघायला कोनी नव्हतं. तरी त्याचा रिपोर्ट मास्तरांनी लिवला. स्वतःच्या विरोधात, इंग्रजीत, पानभर.

आन शिफ्टचं रजिस्टर! आमचे सायब बदलत राह्यचे, कोन गुजरातचा, कोन पुन्याकडचा, म्हनून रजिस्टर इंग्रजीत. बाकीचे ऑपरेटर कोंबडी उकरते तसं लिवायचे. मास्तर लग्नाची पत्रिका लिवल्यासारखं लिवायचे. ओळ मारायला पट्टी नव्हती, तर लोखंड कापायच्या तुटक्या हॅक्सॉ ब्लेडनं मारायचे. लिवून झालं की पान लांब धरून बघायचे, बायका पापडाचं पान उजेडात धरून बघतात तसं.

मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "नाव काय रे?"

"धोंडू सकपाळ. दासगाव."

"धोंडू मंजे दगड. दगड मंजे हार्ड." मंग मला वरपासनं खालपर्यंत बघितलं. "पन कामाला हार्डली दिसतोस."

सगळा प्लांट हसला. सगळ्यात जास्त मी हसलो. मला वाटलं, पहिल्याच दिवशी एवढी तारीफ! संध्याकाळी बायकोला सांगितलं, "सुमन, कंपनीतला शिकलेला मानूस मला हार्डली बोलला." तिनं फोन करून माहेरी कळवलान. सासरे बोलले, "जावई हार्डली निघाला, बरं झालं." तेवढं एकदाच सासरे माझ्याबद्दल खरं बोलले, पन त्यांना ते ठाव नव्हतं.

नवीन मानूस आला की मास्तर डबा खाताना त्याला आपला किस्सा सांगायचे. मी तो पंचवीस वेळा तरी ऐकला. जवानीत ते नोकरीला मुंबईला गेले होते. चुलत्यानं एका हापिसात पाठवलं. अर्ज त्यांनी स्वतःच लिवला, कोनाला हात लावू दिला नाय. खाली शेवटी लिवलं, 'आय विल वर्क हार्डली.' सायबानं वाचलान, चष्मा काढलान, बाजूच्या दोन सायबांना बोलावलान. तिघं पोट धरून हसले. एक बोलला, "अरे, मग तुला घ्यायचा कशाला?"

इथं सगळे हसायचे. मी पन हसायचो. मला वाटायचं, हा एकटा एवढं दाबून काम करनार म्हटल्यावर बाकीच्यांच्या नोकऱ्या जातील, म्हनून सायब घाबरला. मला ती गोष्ट लय आवडायची. आपल्याकडच्या मानसाला मुंबईचा सायब घाबरला!

मास्तर मात्र शेवटी हसायचे नाय. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बोलायचे, "त्यांच्यासंगं मी पन हसलो रे. का हसतायत ते कळलं नव्हतं, तरी हसलो. सहा महिन्यांनी कळलं, तेव्हा शेतात एकटा होतो, तरी कान गरम झाले. चुकलो त्याची लाज नाय वाटत. न कळता हसलो, त्याची वाटते."

हे ऐकून पन मी हसायचो. पंचवीसच्या पंचवीस वेळा.

मंग ते सगळ्यांना समजावायचे. "शब्द मंजे ड्रम. वरचं लेबल वाचून झाकन उघडू नये. हार्ड मंजे घट्ट, कडक, दाबून. त्याला शेपूट लागलं, हार्डली झालं, की आतला माल बदलला. जेमतेम. असून नसल्यासारखं. हा खोट्या लेबलाचा ड्रम हाय, सांभाळून." ह्यातलं 'हार्ड मंजे घट्ट' एवढंच ऐकून मी डबा धुवायला उठलेलो असायचो. गोष्टीतला हसायचा भाग झाला की माझं काम संपलं, असं मला वाटायचं.

एक दिवस मला बोलले, "धोंडू, किती वर्षं ड्रम ढकलशील? कंबर गेली की तू गेटाबाहेर. चार अक्षरं लिवायला शीक. हेल्परचा ऑपरेटर होशील."

"मास्तर, माझ्या डोक्यात अक्षर राहत नाय. घसरतं."

"मंग बाजारात चल. तिथली अक्षरं भिंतीला चिकटवलेली असतात. घसरत नायत."

सुट्टीच्या वारी आमी महाडच्या बाजारात फिरायचो. मेडिकलचा बोर्ड, मोबाईलचा बोर्ड, सलूनचा बोर्ड. मी एकेक अक्षर मोठ्यानं वाचायचो, चाळिशीतला बाप्या. पोरं हसायची. एक दुकानदार मास्तरांना बोलला, "डोळ्याची तपासनी करताय काय ह्यांची?" मास्तर बोलले, "व्हय, लांबचं दिसतंय, जवळचं दिसत नाय."

एकदा आमी पोलादपूरच्या स्टँडवर होतो. कोन पुढारी येनार होता, गावातल्या पोरांनी कमानीवर बॅनर लावला होता. वर फोटो, खाली मोठ्या लाल इंग्रजी अक्षरात, हार्डली वेलकम. मास्तर बघतच राह्यले. जसं कोनी त्यांच्या घरावर दगड मारला.

"अरे पोरांनो, हे काय लिवलंय?"

एक पोरगा बोलला, "हार्दिक स्वागत, मास्तर. इंग्लिशमधी."

"हार्दिकचं हार्डली होत नाय रे!"

"व्हतं की. हार्दिक, हार्डली. ऐका ना, बरोबर वाटतं."

"ह्याचा अर्थ होतो, कशाला आलात!"

"पुढारी कुठं वाचतोय? आन वाचलान तरी त्याला खरं तेच सांगितल्यासारखं होईल."

पोरं हसली. मी पन. मास्तर मात्र फुलवाल्याकडे गेले, झेंडूचं तोरन मागून आनलं, खुर्चीवर चढले आन त्या एका शब्दावर तोरन बांधलं. खाली फक्त वेलकम राह्यलं. पुढारी आला, गेला, त्याला काय कळलं नाय. मास्तर खुर्ची धरून उभे, तोरन सुटू नये म्हनून. पन तोरन बांधायच्या आधी त्यांनी माझ्याकडनं ती अक्षरं पाच वेळा वाचून घेतली होती. एच, ए, आर, डी, एल, वाय. ती कशी बसलीत म्हनता! माझ्या लेकीच्या नावाचं स्पेलिंग मला आजपन येत नाय.

मास्तरांना एकच हौस होती. कंपनीत कामगारांना पिवळं हेल्मेट, सुपरवायझरला पांढरं. मोठ्या सायबानं त्यांना सांगितलं होतं, दिवाळीनंतर तुमचं पांढरं. तवापासनं मास्तर रोज पिवळं हेल्मेट पुसायचे, जसं काय जाताना परत द्यायचंय. एकदा केबिनमध्ये कोनी नव्हतं, सायबाचं पांढरं हेल्मेट टेबलावर होतं. मास्तरांनी ते घातलं आन खिडकीच्या काचेत बघितलं. मी दारात उभा होतो. मी खोकलो. त्यांनी झटकन काढलं आन बाहीनं पुसलं. "धूळ होती," बोलले.

आता ते सांगतो, जे इतकी वर्षं कोनाला सांगितलं नाय.

दिवाळीला महिना होता. आमची पहिली शिफ्ट, तीन वाजता सुटनारी. सव्वादोनला मास्तरांना वाडीवरनं फोन आला. त्यांची बायको, आमच्या वैनी, विहिरीच्या पायऱ्यांवरनं पडल्या, पाय मोडला. मास्तर लगेच उठले. सायबाला सांगून निघाले, पन तीन वाजताचं शेवटचं काम राह्यलं होतं. अ‍ॅसिडच्या लाईनचा वॉल्व्ह बंद करायचा आन तसं रजिस्टरला लिवायचं.

त्यांनी पानाखाली सही करून ठेवली. खिशातलं पेन काढलं, टोपनाचा दोरा दातानं सोडला आन पेन माझ्या हातात दिलं. तो दोरा मी त्या दिवशी पहिल्यांदा सुटलेला बघितला.

"धोंडू, लोखंडी पान्यानं वॉल्व्ह घट्ट कर. आन शेवटची ओळ तू लिव. वॉल्व्ह क्लोज्ड. दोन शब्द. तुला येतात."

"मी लिवू?"

"दोनच शब्द हायत रे. येतात तुला."

गेले पळत.

मी वॉल्व्ह असा घट्ट केला, की भिंतीला पाय लावून जोर दिला. घामाघूम झालो. मंग हात धुतले, टेबलाशी बसलो, हॅक्सॉ ब्लेडनं ओळ मारली आन मोठ्या अक्षरात लिवलं. वॉल्व्ह. मंग जागा सोडून, क्लोज्ड. लांब धरून बघितलं. बरं दिसत होतं, पन उघडं उघडं. मी एवढा जोर लावला, तो कुठं दिसतोय? पुढच्या शिफ्टला कसं कळायचं, धोंडूनं किती घट्ट केलाय? मधी जागा होती. मला इंग्रजीत घट्ट काय म्हनतात ते येत होतं ना! हार्डली. स्पेलिंग एकदम बरोबर, बॅनरवरचं. जन्मात पहिल्यांदा माझं स्पेलिंग बरोबर आलं, आन त्याच दिवशी ते चुकायला पायजे होतं.

बसमध्ये मी कोनाला काय बोललो नाय. मला आधी घरी सांगायचं होतं, की आज रजिस्टर मी लिवलं. सांगितलं पन. सुमननं शिरा केलान.

इकडे दुसऱ्या शिफ्टला नवीन सायब आलेला, पोरगाच, पुन्याकडचा. त्यानं वाचलान. वॉल्व्ह हार्डली क्लोज्ड. इंग्रजी येनाऱ्या मानसाला त्याचा अर्थ एकच, वॉल्व्ह जेमतेम बंद हाय, गळेल. त्यानं त्या शिफ्टच्या हेल्परला, बाळा चोरगेला, पाठवलान, जा, नीट घट्ट कर. बाळानं पान्याला पाईप लावून जोर दिलान. आधीच घट्ट असलेला वॉल्व्ह, त्याची दांडी मोडली. अ‍ॅसिड उडालं. बाळाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. हात वाचला, पन बोटं अजून पुरती मिटत नायत. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो.

बाळा, तुझ्या घरचं कोन हे वाचंल, तुला सांगंल. सांगू दे.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावलं. मोठा सायब, नवीन सायब आन मास्तर. मास्तर पहाटे वैनींचा पाय प्लास्टरमध्ये बघून आले होते, डोळे लाल. मी दारात उभा, फरशी पुसायच्या निमित्तानं. फडकं कोरडंच होतं.

मोठ्या सायबानं रजिस्टर पुढं केलान. "उतेकर, ही ओळ तुम्ही लिहिलीत?"

मास्तरांनी चष्मा लावला. तीन शब्द होते, पन त्यांनी पान वाचायला लागतो तेवढा वेळ घेतला. मंग चष्म्यावरनं एकदाच माझ्याकडे बघितलं.

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, उघडलं. माझ्या तोंडातनं आयुष्यभर नको तेव्हा नको ते बाहेर पडलंय. त्या दिवशी पायजे होतं ते एक पडलं नाय. खोकला आला.

"होय सर," मास्तर बोलले. "मीच लिहिली. निघायच्या घाईत होतो."

"तुम्ही? अहो, मी जॉइन झालो त्या दिवशी तुम्हीच मला तो किस्सा सांगितला होता!" मोठा सायब बोलला.

"होय सर."

"आणि हे कॅपिटलमध्ये का? तुमचं अक्षर असं नाही."

"हात थरथरत होता सर."

नवीन सायब हळूच बोलला, "इतका बेसिक शब्द!" त्यावर मास्तरांनी मान हलवली, जसं एखादा नापास पोरगा हलवतो. चौथ्यांदा पस्तीस मार्क पडलेला मानूस पाचव्या खेपेला परत नापास झाला, आन पेपर माझा होता.

मी बाहेर त्यांच्या मागं पळालो. "मास्तर, मी जातो, सांगतो सायबाला."

"गप. तू कंत्राटी. तुला आजच गेट बंद होईल. आन कंत्राटी मानसाच्या हातात रजिस्टर दिलं म्हनून मला पन. दोघांनी घरी बसून काय करायचं? एकाचंच जाऊ दे, आन तेपन नोकरी नाय जानार, बाकीचं जाईल."

"पन मास्तर..."

"एक सांग. हार्डली का लिवलंस?"

"घट्ट केला होता मास्तर. लय घट्ट."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मंग विचारलं, "एवढी वर्षं मी तो किस्सा सांगतोय. तू तर सगळ्यात मोठ्यानं हसायचास."

"हसायचो."

"न कळता?"

"न कळता."

माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलले, "माझ्यासारखाच हायस." आन त्या हाताला वजनच नव्हतं.

बाळाला बघायला मास्तर दवाखान्यात केळी घेऊन गेले. बाळाच्या बायकोनं त्यांना तोंडावर सुनावलान, "मास्तर, तुमचं इंग्रजी तुमच्याकडे ठेवायचं होतं." मास्तर हात जोडून उभे. केळ्यांची पिशवी मी धरली होती.

पांढरं हेल्मेट दुसऱ्याला गेलं. मास्तरांच्या हातनं रजिस्टर काढलं आन ड्रम यार्डात टाकलं, रिकामे ड्रम धुवायला. डब्याला ते एकटेच बसू लागले. शब्द सांगायचं बंद. तो किस्सा बंद. आन लोकांनी त्यांचं नाव ठेवलं, हार्डली. "काय हार्डली, जेवलास काय?" पोरंसोरं अरेतुरे करू लागली.

आता माझं सगळ्यात वंगाळ सांगतो. वरचं ते वंगाळ नव्हतं, ती नुसती चूक होती.

कॅन्टीनमध्ये मी नकला करतो. सायबाची, कॅन्टीनवाल्याची, बायकोची, स्वतःची. एक दिवस कोन बोललं, "धोंड्या, हार्डलीची कर की." मी केली. पेनाचा दोरा दातानं सोडायचा, कोनाचा तरी चष्मा लावून त्यावरनं बघायचं, "हात थरथरत होता सर." टेबलं वाजवली लोकांनी. परत करायला लावली. मी परत केली. तिसऱ्यांदा करताना बघितलं, तर मास्तर पान्याच्या पिंपाशी ग्लास घेऊन उभे होते. मी थांबलो. ते बोलले, "कर, कर. चष्मा जरा खाली घे, मंग बरोबर दिसंल." पानी प्याले आन गेले.

मी चष्मा खाली घेतला नाय. पन नक्कल अर्धी सोडली असं पन नाय. लोक बघत होते.

दोन वर्षांनी ते रिटायर झाले. जायच्या दिवशी मोठ्या सायबाकडे गेले, स्वतःसाठी काय मागितलं नाय. बोलले, "धोंडू सकपाळला लिहिता येतं. त्याला रजिस्टर द्या." वर्षभरानं मला कायम केलं, रजिस्टर दिलं. मी दोन शब्दांच्या वर लिवत नाय. सायब बोलतात, सकपाळ नेमकं लिहितो.

गेल्या शिमग्याच्या आधी कळलं, मास्तरांनी अंथरून धरलंय. छाती. ड्रमच्या वासानं की वयानं, कोनास ठाव. मी ठरवलं, वर जायचं आन वैनींच्या समोर सांगायचं, ती ओळ माझी. निदान एका मानसाला तरी खरं कळू दे. महाडनं खारी आन बटर घेतलं, पोलादपूरला उतरलो आन चढायला लागलो. वाटेत दहा वेळा बोलून बघितलं. झाडांसमोर मला एकदम सरळ बोलता येतं.

मास्तर ओटीवर खाटेवर होते. मूळचे किडकिडीत, आता तर गोधडीखाली मानूस हाय की गोधडीच दुमडलीय ते कळंना. खाटेचा एक पाय बसका, त्याच्याखाली डिक्शनरी लावलेली. मी बघतोय ते त्यांनी बघितलं.

"आता... कामाला आली," बोलले. दोन शब्द बोलून थांबायचे, श्वास गोळा करायचे.

वैनी लंगडत आल्या, पानी दिलं. मी ग्लास खाली ठेवला आन बोललो, "वैनी, मला तुमच्याशी बोलायचंय."

"मला पन तुमच्याशी, भावजी. बरं झालं आलात." आत गेल्या आन प्लास्टिकच्या पिशवीतला कागद घेऊन आल्या. मोठ्या दवाखान्यातला. गेल्या आठवड्यात पोरगा मुंबईला घेऊन गेला होता, तिथं डॉक्टरनं लिवून दिला.

"तुमी आता कंपनीत रजिस्टर लिवता ना? मला हे वाचून दाखवा. पोरगा काय सांगत नाय. आन ह्यांचा काय भरवसा नाय, माझा जीव राहावा म्हनून कायपन सांगतील."

"काय सांगितलं ह्यांनी?"

"हे बोट ठेवून वाचतात. बोलले, हार्डली एनी इंप्रूव्हमेंट. इंप्रूव्हमेंट मंजे सुधारना, ते मला ठाव हाय, कंपाउंडर बोलतो. आन हार्डली मंजे घट्ट, पक्की, असं हे सांगतात. पक्की सुधारना. खरं काय, भावजी?"

मी कागद घेतला. डॉक्टरचं अक्षर कोंबडीचं. पन त्यात सहा अक्षरं मला अशी दिसली, जशी कोनी लाल रंगात रंगवलीत. एच, ए, आर, डी, एल, वाय. पुढचं वाचायची गरज नव्हती. आख्ख्या पोलादपूर तालुक्यात ह्या शब्दाचा अर्थ मला जेवढा कळलाय, तेवढा कुठल्या प्रोफेसरला कळला नसंल.

मी मास्तरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, चष्मा नव्हता तरी चष्म्यावरनं बघतात तसे. केबिनमध्ये बघितलं होतं तसेच. फक्त त्या वेळी मी बोलायला पायजे होतं, आन आता त्यांना वाटत होतं की मी बोलू नये.

वैनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मोडलेला पाय बाजूला ठेवून, भिंतीला हात लावून.

"बरोबर हाय, वैनी," मी बोललो. "हार्डली मंजे घट्ट. एकदम पक्की सुधारना. कंपनीत आमी रोज लिवतो."

वैनींनी पदर तोंडाला लावला. "मंग हे खोटं नाय बोलले," एवढंच म्हनाल्या आन चहा टाकायला आत गेल्या. आतनं भांडं वाजलं, बऱ्याच दिवसांनी कोनी वाजवलं असंल तसं.

मास्तरांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी कान तोंडाशी नेला.

"शाब्बास," बोलले. थांबले. श्वास घेतला. "आत्ता बरोबर वापरलास."

मी जे सांगायला चढलो होतो ते सांगितलं नाय. सांगितलं असतं, तर वैनींना त्या शब्दाचा अर्थ पन सांगायला लागला असता.

चहा पिऊन निघालो. पायवाट वळते तिथनं मागं बघितलं. मास्तरांना वैनींनी उशी लावून बसवलं होतं. मी हात केला. त्यांनी पन केला. गोधडीतनं हात निघाला, वर आला, किती वर आला म्हनाल तर जेमतेम.